सुहा, एवढंच

सुहा हे नाव सांगितलं की समोरचा माणूस पुढच्या अक्षराची वाट बघतो. सुहास? सुहासिनी? सुहानी? पुढे काही येत नाही म्हटल्यावर त्याला वाटतं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल, आणि तो पुन्हा विचारतो. माझ्या मैत्रिणीच्या लेकीला हे आता सवयीचं झालंय. शाळेच्या पहिल्याच हजेरीपटावर कुणीतरी तिच्या नावाला एक 'स' चिकटवून दिला आणि वर्षभर ती मुलग्यांच्या यादीत सुहास म्हणून वावरली. पुढच्या वर्षी अर्ज-विनंत्या करून दुरुस्ती झाली ती 'सुहाना' अशी. मग मैत्रिणीने नाद सोडला. नाव पोरीचं आहे, मोठी झाली की तीच भांडेल म्हणाली.

मैत्रीण हर्णैची, कोकणी मुसलमान. नवरा मस्कतला नोकरीला, लेकीचा जन्म तिकडचाच. किनाऱ्यावरच्या या घरांना आखात काही परकं नाही. तिच्या आज्याने बोटीवर उमेदवारी केली, बापाने कुवेतला ड्रायव्हिंग केलं आणि दर दोन वर्षांनी अत्तर नि कांबळी घेऊन माणसं परतत राहिली. मस्कतला यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक जॉर्डनची बाई राहायची. शाळेत गणित शिकवायची. हिच्या बाळंतपणात आई वेळेवर पोचली नाही, तेव्हा त्या बाईने मसुरीचं सूप करून पातेलंच्या पातेलं आणून ठेवलं होतं. तिचं नाव सुहा. म्हणून लेकीचं सुहा. अर्थबिर्थ नंतर.

अर्थ नंतर कळला आणि मग घरात जरा वाजलं. पण त्याआधी तो अर्थ.

मुलांच्या नावांची जी पुस्तकं मिळतात त्यांत सुहापुढे 'तारा' एवढा एक शब्द टाकून मोकळे होतात. मला हा निव्वळ आळस वाटतो. अरबांनी शेकडो ताऱ्यांना नावं दिली. आजही जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अल्देबरान, रायजेल, वेगा अशी जी नावं घेतात त्यांतली बरीच मुळात अरबीच. एवढं मोठं भांडार हाताशी असताना मुलीला द्यायला यातला नेमका कोणता तारा उचलला, हे सांगितल्याशिवाय अर्थ सांगितला असं कसं होईल?

तर तो तारा असा. मेच्या मध्याला रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास उत्तरेला तोंड करून उभं राहायचं. सप्तर्षी बऱ्यापैकी वर आलेले असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला जोडलेली तिघांची वाकडी शेपटी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याच्यावर नजर ठरवली की अगदी लगत, उजव्या अंगाला, शेपटीच्या टोकाच्या बाजूने एक बारीक ठिपका उमटतो. उमटतो असंच म्हणावं लागतं, कारण आधी तो नसतो. तोच सुहा. आपण त्याला अरुंधती म्हणतो.

वसिष्ठाच्या पाचेकपट अंधूक. दोघांमधलं अंतर पूर्ण चंद्राच्या बिंबाच्या निम्म्याहूनही कमी. अरबी कोशकार या नावाचा संबंध 'सहव' या शब्दाशी जोडतात. सहव म्हणजे बेसावधपणा, चूकभूल, नजरेतून वा मनातून निसटून जाणं. नजर वसिष्ठावर जाते आणि याच्यावरून घसरून पुढे निघून जाते, म्हणून हा सुहा. नजरेतून राहून गेलेला.

आणि इथेच नानी बिथरली. मैत्रिणीच्या आईला अरबी येत नाही, पण सहव हा शब्द तिला पक्का ठाऊक. नमाज पढताना एखादी रकअत मोजण्यात चुकली, मधली बैठक राहून गेली, तर शेवटी दोन जादा सज्दे करून ती चूक भरून काढतात. त्याला सज्दा-ए-सहव म्हणतात. वय झालेल्या माणसांना तो वरचेवर करावा लागतो. नानीलाही लागतो. "विसरलेली म्हणून हाक मारायची काय गो पोरीला?" असं ती म्हणाली, आणि पुढचे कितीतरी दिवस तिने नातीला फक्त 'बाय' म्हटलं. नावाचा माणसावर असर होतो यावर तिचा ठाम विश्वास. शिवाय घराण्यात आजवर सगळ्या फातिमा, खदिजा, आयेशा, जैनब. पैगंबरांच्या घरातली, सोबत्यांमधली नावं. त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही. माणूस आधी आठवतो, अर्थ मागाहून. सुहा हे नाव कुराणात नाही आणि पैगंबरांच्या सोबत्यांतल्या मोठ्या स्त्रियांच्या नावांतही नाही. त्याच्यामागे उभं राहायला कुणी नाही. दुर्मीळ नावांची ही अडचण असते. त्यांना अर्थाच्याच जिवावर जगावं लागतं.

गंमत अशी, की नानीच्या मोहल्ल्यातच तेव्हा दोन-तीन रुमैसा रांगत होत्या. हल्ली हे नाव कोकणापासून भिवंडीपर्यंत जोरात आहे. पैगंबरांचे सेवक अनस यांच्या आईला, उम्म सुलैमना, रुमैसा किंवा गुमैसा म्हणत. दोन्ही शब्द चिपडं धरलेल्या, पाणावून मिचमिचणाऱ्या डोळ्यांचे. गुमैसा हे एका ताऱ्याचंही नाव. व्याध आणि प्रश्वा या अरबी कथेत दोघी बहिणी. व्याध दक्षिणेला गेलेल्या सुहैलमागे आकाशगंगा ओलांडून गेली, प्रश्वा अलीकडच्या काठावर राहिली आणि रडून रडून तिचे डोळे बिघडले. ती गुमैसा. म्हणजे चिपड्या डोळ्यांची चालते, कारण ती एका थोर बाईची आठवण आहे. राहून गेलेली मात्र चालत नाही. मी हे मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, नानीला सांगू नकोस, नाहीतर त्या तीन पोरींचंही बारसं पुन्हा करायला लावेल.

वाळवंटातल्या अरबांना सप्तर्षींत ऋषी दिसले नाहीत. त्यांना दिसली अंत्ययात्रा. चौकोनाचे चार तारे म्हणजे नअश, खांद्यावर उचललेला जनाजा, आणि मागचे तीन तारे त्यामागून चालणाऱ्या मुली. बनात नअश, नअशच्या लेकी. बापाला मारलं अल्-जदीने, म्हणजे ध्रुवताऱ्याने, अशी गोष्ट सांगतात. तो खून करून जागेवर थिजून बसलाय आणि या मुली बापाचं प्रेत न पुरता रात्रंदिवस त्याच्याभोवती घिरट्या घालताहेत. सूड घेतल्याशिवाय माती द्यायची नाही. ध्रुव जागचा हलत नाही आणि सप्तर्षी त्याच्याभोवती फिरतात, या साध्या निरीक्षणाला इतकी भयाण गोष्ट जोडणारी माणसं मला थोडी घाबरवतात आणि फार आवडतात. आपल्या खेड्यापाड्यांतही या चौकोनाला ऋषी कुणी म्हणत नसे. ते म्हातारीचं बाजलं, आणि मागचे तिघे ते पळवायला आलेले चोर. विदर्भात गोंडांकडेही हीच बाज, हेच चोर. एकीकडे तिरडी, दुसरीकडे खाट. आडवं झालेलं माणूस दोन्हीकडे आहे. ऋषी नंतर पोथ्यांतून आले असणार, असं माझं आपलं मत.

या मिरवणुकीत सुहा मधल्या मुलीच्या कडेला चिकटून चाललेला आहे. लेकी तीनच मोजतात. चौथं मोजत नाहीत.

मोजण्यावरून आठवलं. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हजारावर ताऱ्यांची यादी केली, ती पुढे हजारेक वर्षं प्रमाण मानली गेली. त्या यादीत सुहा नाही. 964 च्या सुमारास इस्फहानमध्ये अब्दुर्रहमान अल्-सूफी याने त्या यादीतला एकेक तारा स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा तपासला. कुठल्या ताऱ्याची तेजस्विता टॉलेमीने चुकवली, कुठला भलतीकडे दाखवला, हे सगळं त्याने 'स्थिर ताऱ्यांचं पुस्तक' लिहून नोंदवलं. सप्तर्षींपाशी आल्यावर त्याने सुहाची दखल घेतली. टॉलेमीने हा सांगितलेला नाही, अरब मात्र याला ओळखतात आणि याच्यावर नजर पारखतात, असं त्याचं म्हणणं. एका ग्रीक पंडिताच्या यादीतून राहून गेलेला तारा बदूंच्या बोलण्यातून पुस्तकात आला, ही घटना मला फार मोलाची वाटते. दुर्बीण यायला अजून साडेसहाशे वर्षं होती.

नजर पारखण्याची ही गोष्ट हल्ली बरीच फुगवून सांगतात. अमुक सैन्यात भरतीच्या वेळी तिरंदाजांना हा तारा दाखवायचे, दिसला नाही तर घरी पाठवायचे वगैरे. खरं तर निकोप डोळ्याला ही परीक्षा मुळीच अवघड नाही. काळोख्या आकाशात माणसाला याहून कितीतरी अंधूक तारे दिसतात, आणि वसिष्ठापासून तो ज्या अंतरावर आहे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं अंतरसुद्धा चांगली नजर ओळखते. अडतो तो लांबचं कमी दिसणारा माणूस. त्याला वसिष्ठच पसरट, पिंजलेला दिसतो, आणि सुहा त्या पसाऱ्यात बुडून जातो. चष्मे नव्हते तेव्हा लांबचं आपल्याला कमी दिसतं हे माणसाला कळायचं तरी कसं? पुस्तक सगळेच जवळ धरतात, तेही ज्यांच्याकडे पुस्तक आहे ते. मग रात्री अंगणात कुणीतरी म्हणायचं, वसिष्ठाच्या शेजारी आणखी एक आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याला उमगायचं, की इतरांचं आकाश आपल्यापेक्षा जास्त भरलेलं आहे.

आमच्या सुहाला सातव्या वर्षी चष्मा लागला. चष्मा काढला तर तिला सुहा दिसत नाही. ती हे सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगते.

अरबीत म्हण आहे: मी तिला सुहा दाखवतोय आणि ती मला चंद्र दाखवतेय. आपण बारकावा समजावून द्यावा आणि समोरच्याने शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट बोट करून दाखवावी, अशा वेळी ही म्हण वापरतात. मला ती फार उपयोगी पडते. मराठी साहित्य संमेलनांच्या परिसंवादांत तर विशेष.

पण सुहावर सगळ्यात जास्त हक्क सांगावा असा माणूस त्याला कधी पाहू शकला नाही. अबुल अला अल्-मअर्री, सीरियातल्या मअर्रतुन नुअमानचा कवी. जन्म 973, मृत्यू 1057. चार वर्षांचा असताना देवीने त्याची दृष्टी गेली. आजारपणात त्याला लाल रंगवलेलं कापड पांघरलं होतं, म्हणून रंगांपैकी फक्त लाल आपल्याला ठाऊक आहे, असं तो म्हणे अशी आख्यायिका आहे. पुढे तो मांस, दूध, मध सोडून गावात एकटा राहिला आणि धर्ममार्तंडांना झोंबेल असं लिहीत राहिला. त्याच्या तरुणपणीच्या एका गाजलेल्या कवितेत उलट्यापालट्या जगाची यादी येते. नालायकांनी लायकांना तुच्छ लेखायचे दिवस. तिथे सुहा सूर्याला सुनावतो, की अगं, तू तर दिसतसुद्धा नाहीस. ही 'अगं' माझी नाही, अरबीतलीच. त्या भाषेत सूर्य बाई आहे, चंद्र बुवा, आणि मअर्रीच्या ओळीत सुहाला लावलेलं क्रियापद पुल्लिंगी. आंधळ्या कवीने नजरेच्या कसोटीचा तारा उचलावा आणि त्याच्या तोंडी डोळसांची फजिती घालावी, हे सहज सुचलं असेल की जाणून, कुणाला ठाऊक. मअर्रीचा गावातला पुतळा 2013 मध्ये अतिरेक्यांनी शिरच्छेद करावा तसा तोडला. हजार वर्षांनीही माणूस कुणाला तरी खुपत होता.

त्याच्याच वयाचा अल्-बेरूनी. जन्म 973 चाच. गझनीच्या महमूदाच्या पदरी होता आणि त्या काळात हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकला. 1030 च्या सुमारास त्याने हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ पुरा केला त्यात सप्तर्षींवर एक प्रकरण आहे. हिंदू या ताऱ्यांना सात ऋषी मानतात, असं सांगून तो लिहितो, की त्यांच्यासोबत एक साध्वी स्त्री आहे, सुहा. आपल्या वाचकाला अरुंधती हे नाव समजायचं नाही म्हणून त्याने घरचं नाव वापरलं. नुसत्या ओळखीसाठी केलेली सोय. पण माझ्या माहितीतली अरुंधती आणि सुहा एका वाक्यात भेटण्याची ही सगळ्यात जुनी जागा, आणि मला तिचं अप्रूप आहे.

भेटल्या, पण दोघींचं नशीब अगदी वेगळं. अरुंधती ही कुणाची तरी बायको आहे. वसिष्ठाच्या शेजारी आहे म्हणूनच ती आहे. लग्नात वधूला ती दाखवायची, ती हिच्यासारखी हो म्हणून. गृह्यसूत्रांच्या काळी तो विधी चांदण्या उगवल्यावर व्हायचा. आता मुहूर्त दुपारी बारा छत्तीसचा, आणि जेवणाच्या पंगती खोळंबलेल्या. माझ्या लग्नात गुरुजींनी आम्हाला कार्यालयाच्या मागच्या दारात नेलं, पाण्याच्या टाकीच्या वर कुठेतरी बोट दाखवलं आणि विचारलं, दिसली? वर टळटळीत ऊन. दिसली म्हणालो. सगळेच म्हणतात. खालच्या अंगाला आचारी पत्रावळी मोजत होता, त्याने आमच्याबरोबर वर पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात अरुंधतीच्या दर्शनाचा न्याय दृष्टांत म्हणून वापरला आहे. बारीक तारा दाखवायचा तर आधी त्याच्या जवळचा ठळक तारा 'हीच ती' म्हणून दाखवावा, नजर तिथे स्थिरावली की तो खोडून खऱ्या ताऱ्याकडे न्यावं. सूक्ष्म ब्रह्म समजावण्यासाठी आधी स्थूल सांगावं तसं. अरबी म्हणीतला वैतागलेला माणूस आणि हे आचार्य एकाच अडचणीशी झगडताहेत. एकाने हात टेकले, दुसऱ्याने युक्ती काढली. सुश्रुतसंहितेत मात्र याच ताऱ्याचा भीतीदायक उपयोग आहे. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचं आयुष्य सरलं असं समजावं. आणि महाभारतात युद्धाआधीच्या अपशकुनांत व्यास धृतराष्ट्राला सांगतात, की अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकलं आहे. बायको नवऱ्याच्या पुढे गेली, आता कुळाचा संहार ठरलेला! या एका श्लोकावरून भारतीय युद्धाचं साल काढणाऱ्या विद्वानांची पुस्तकं मी चाळली आहेत. मला तो श्लोक वाचून साल सुचत नाही, इतर पुष्कळ काही सुचतं.

अरुंधती हे नाव आपल्याकडे भारदस्त. मुलीपेक्षा बाईला शोभणारं. मध्यंतरी 'आई कुठे काय करते' या मालिकेने ते घराघरांत पुन्हा नेलं. सगळ्यांसाठी राबणारी आणि घरातल्या कुणाच्याच नजरेत न भरणारी नायिका, तिचं नाव अरुंधती. लिहिणाऱ्यांनी पतिव्रतेचा संदर्भ मनात धरून ठेवलं असेल, पण बसलं ते नेमकं सुहाच्या अर्थावर.

सुहा कुणाची बायको नाही. जनाज्यामागून चालणाऱ्या मुलींच्या जवळून ती चालते, पण त्यांच्यातही धरलेली नाही. मोकळी आहे, आणि त्या मोकळेपणाची किंमत म्हणून विसरलेली आहे. यातलं काय बरं, हे मी तरी ठरवू शकत नाही. मैत्रीण चटकन म्हणाली, मोकळी बरी.

आता हे नाव किती चालतं, तर सुरैयाच्या मानाने काहीच नाही. सुरैया म्हणजे कृत्तिका, अरबीत सुरय्या. झुंबरासारखा झुपका, नजर आपोआप खेचून घेणारा. गायिका-नटी सुरैयामुळे ते आपल्या आज्यांच्या पिढीत हिंदूंच्याही कानात बसलं. सुहा शाम देशाच्या पट्ट्यात, म्हणजे लेबनॉन, पॅलेस्टाइन, जॉर्डन, सीरिया इकडे, आणि इजिप्तमध्ये अधिक ऐकू येतं. हुदा, मुना, नुहा, दुहा, लुब्ना अशी दोन अक्षरी, शेवटी आकार असलेली मुलींची नावं तिथे आहेत, त्यांच्या ओळीत ते सहज बसतं. धर्माचा शिक्का नसल्याने ख्रिस्ती घरांतही चालतं. यासर अराफत यांची पत्नी सुहा, 1963 मध्ये जेरुसलेमला ख्रिस्ती घरात जन्मलेली. लेबनॉनची सुहा बिशारा, 1967 ची, तीही ख्रिस्ती कुटुंबातली आणि कम्युनिस्ट. दक्षिण लेबनॉन व्यापलेला असताना इस्रायलच्या पाठिंब्यावरच्या सैन्याचा प्रमुख आंत्वान लहद याच्या बायकोला व्यायाम शिकवण्याच्या निमित्ताने तिने त्या घरात शिरकाव केला आणि 1988 मध्ये त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या. तो वाचला. तिने खियामच्या तुरुंगात दहा वर्षं काढली, त्यांतली बरीचशी एकांतकोठडीत. घरात ये-जा करणारी एक पोरगी, जिच्याकडे पहारेकऱ्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्या नावाला साजेसं याहून दुसरं काय असणार. तुर्कस्तानात तर सुहा हे पुरुषाचं नाव. माहितीपट करणारे सुहा अरिन तिथे मोठं नाव कमावून गेले. मअर्रीचं पुल्लिंग तिकडे टिकलं म्हणायचं. आपल्याकडे उच्चाराने जवळचं नाव म्हणजे सोहा अली खान. तिने 2017 मध्ये आपल्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक काढलं. बेताची प्रसिद्धी वाट्याला आल्याने होणाऱ्या पंचायती असा त्याच्या नावाचा आशय. आई शर्मिला टागोर, बाप पतौडी, भाऊ सैफ. शेजारी एवढे ठळक तारे असल्यावर दुसरं काय लिहिणार.

दुर्बिणी आल्या तेव्हा सुहाला पुन्हा एकदा मागे टाकून सगळे वसिष्ठाकडे वळले. 1617 मध्ये गॅलिलिओ आणि त्याचा शिष्य कास्तेल्ली यांना वसिष्ठ हाच मुळात जोडतारा असल्याचं दिसलं. 1857 मध्ये हार्वर्डला बाँडने जोडताऱ्याचं पहिलं छायाचित्र घेतलं, ते वसिष्ठाचं. 1889 मध्ये तिथेच पिकरिंगने वर्णपटावरून सांगितलं, की त्या दोघांतला मोठाही पुन्हा दोन ताऱ्यांचा आहे. त्या कामात अँटोनिया मॉरी या बाईंचे डोळे होते. पुढे धाकटाही जोडच निघाला. चार झाले. सुहाची पाळी आली 2009 मध्ये. अमेरिकेतल्या दोन चमूंनी वेगवेगळ्या दुर्बिणींतून तिच्या अगदी कुशीत एक मंद तांबडा बटुतारा शोधला. म्हणजे अरुंधतीला जोडीदार आहे, आणि तो वसिष्ठ नाही. पतिव्रता म्हणून हजारो वर्षं दाखवलेल्या ताऱ्याबाबत ही बातमी आली, आणि व्हॉट्सॲपवर काही हालचाल झाली नाही! तिथे अजून वसिष्ठ-अरुंधती एकमेकांभोवती फिरतात हे पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून सप्तपदी, हेच चालू आहे. फिरत असले तर एका फेऱ्याला काही लाख वर्षं लागतील. सप्तपदीला तेवढा मुहूर्त मिळायचा नाही.

नानीचा राग कशाने गेला ते सांगायचं राहिलं. पोरगी चारेक वर्षांची असताना मैत्रिणीला मुलगा झाला, इथेच, दापोलीला. या वेळी नाव नानीने ठेवलं. तिच्या वडिलांच्या तोंडी कायम असायचं ते: सुहैल. म्हणजे अगस्त्य. व्याधाखालोखाल आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. ऑगस्टच्या अखेरीस आखातात तो पहाटे दिसायला लागतो आणि लोक सुटकेचा श्वास टाकतात, की आता उन्हाळा उतरणार. मस्कतला नोकरी केलेल्या कुणालाही सुहैल समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे अगस्त्य उगवला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं म्हणतात. तो तारा, तोच मोसम. नानीने अर्थ विचारला नाही, कुणीच विचारला नाही. शाळेत 'सोहेल' लिहितात, बाकी तक्रार नाही.

पण सुहैल झाल्यावर एक पेच पडला. दोन्ही नावं ताऱ्यांची, तर दोन्ही दाखव, असा सुहाने आईच्या मागे लकडा लावला, आणि आईने तो माझ्या गळ्यात टाकला. एक तारा पार उत्तरेचा, दुसरा पार दक्षिणेचा. युरोपात बहुतेक ठिकाणांहून अगस्त्य कधी उगवतच नाही. कोकणातून मात्र दोघे एकदम साधतात. शिमग्याच्या आसपास, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, रात्री दहाच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला, जरा नैऋत्येकडे झुकलेला, समुद्रापासून जेमतेम वीतभर वर, आणि सप्तर्षी ईशान्येकडून शेपटी लोंबवत चढत असतात. हर्णैच्या बंदरापाशी मासळीच्या लिलावाचे दिवे फार. म्हणून आम्ही पाजपंढरीच्या वरच्या सड्यावर गेलो. सुहैलला अगस्त्य एका क्षणात दाखवला. त्याला थंडी वाजत होती, त्याने हो म्हणून गाडीत जाऊन बसायचं ठरवलं. सुहाने चष्मा पुसला, वसिष्ठ शोधला, मग बराच वेळ मान वर करून उभी राहिली. दिसला म्हणाली. नानी खाली सतरंजीवर बसली होती, तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरं दिसायला लागलं होतं. तिने कुठे ते विचारलं. नातीने आधी ठळक तारा दाखवला, मग म्हणाली, तो नाही नानी, त्याच्या बाजूला. नानी बघत राहिली, मग म्हणाली, आहे हो, बारका आहे पण आहे. आणि ऑपरेशनला लागलेले पैसे वसूल झाले, असंही म्हणाली.